पडद्याआडचा आवाज

बेळगावात ध्वनियंत्रणेची परीक्षा रस्त्यावर होते. इथला सार्वजनिक गणेशोत्सव १९०५ सालचा, टिळकांच्या प्रेरणेने सुरू झालेला. विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावाच्या दिशेने सरकू लागली की ढोल-ताशे आणि झांजपथकं येतात आणि त्यांच्यामागे गाड्यांवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती येतात, ज्यांना या भागात सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. निपाणीत, संकेश्वरात, चिकोडीत हेच. दूधगंगा ओलांडून कागल-कोल्हापूरकडे गेलं तरी हेच. यंदा कुणाचा सेट भारी, कुणाचा बेस छातीत बसतो, कुणाचे टॉप फाटतात, यावर पोरं तासन् तास बोलतात. निकाल मात्र बहुतेक वेळा एकाच बाजूने लागतो. ज्याचा आवाज मोठा, त्याचा सेट चांगला.

या निकालाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण माणसाचा कान असाच घडलेला आहे. बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं, की हळू आवाजात आपल्याला खालच्या पट्टीतले ध्वनी मधल्या ध्वनींपेक्षा बरेच कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की ही तूट भरून येते. म्हणून गाणं तेच, स्पीकर तोच, फक्त बटण जरासं पुढे सरकवलं की तबल्याचा डग्गा भरदार वाटतो आणि गायकाचा श्वास जवळ आल्यासारखा वाटतो. वाढ एका डेसिबलहून कमी असेल तर आवाज मोठा झाला हे ध्यानातही येत नाही. आवाज सुधारला, एवढंच वाटतं. मिरवणुकीत दोन सेटांमधला फरक ढळढळीत असतो, म्हणून तो उघड कळतो. बैठकीच्या खोलीत दोन महागडे ॲम्प्लिफायर एकमेकांशेजारी ठेवले तर तो अर्ध्या डेसिबलचा असतो आणि तिथे भलेभले फसतात.

दुसरी अडचण डोळ्यांची. जाड ॲल्युमिनियमचा दर्शनी पत्रा, उचलताना कंबर धरायला लावणारं वजन, पाठीमागे सोन्याचा मुलामा दिलेली टोकं, आणि या सगळ्यावर लटकलेली किंमत. हे सगळं पाहून झाल्यावर ऐकायला बसणारा माणूस केवळ कानाने ऐकत नाही. त्यातून दुकानात बटणं विकणाऱ्याच्या हातात असतात. निपाणीच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तंबाखू नाकाने आणि बोटांनी पारखायची, आणि पारखणारा तोच भाव ठरवणारा व्यापारी, या व्यवस्थेने त्याला किती नाडलं होतं ते १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशी यांच्याबरोबर महामार्गावर ठाण मांडून बसलेल्या हजारो शेतकऱ्यांनी देशाला ऐकवलं. जिथे पारख इंद्रियांनी होते आणि पारखणाऱ्याचा निकालात रस असतो, तिथे माल कुणाचा हे झाकून ठेवावं, हे कुणालाही सुचेल.

ध्वनियंत्रणेच्या बाबतीत झाकून ठेवण्याची ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिची सुरुवात जाहिरातीत झाली. १९१५ पासून पुढची दहा वर्षं टॉमस एडिसनच्या कंपनीने अमेरिकेतल्या गावोगावच्या नाट्यगृहांत ‘टोन टेस्ट’ नावाचे कार्यक्रम केले. रंगमंचावर एक गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. ती गाऊ लागे, मग यंत्रावर तिचीच तबकडी सुरू होई, मध्येच दिवे मालवले जात, आणि उजेड परतल्यावर प्रेक्षकांना कळे की गायिका केव्हाच आत निघून गेली होती. गात होतं ते यंत्र. लोक थक्क होऊन घरी जात आणि फोनोग्राफ खपत. त्या काळचं ध्वनिमुद्रण विजेविना, कर्ण्यासमोर ओरडून केलेलं. मूळ आवाजाचा तळ आणि माथा दोन्ही त्यात कापले जात. तरीही प्रेक्षक फसले कसे? या कार्यक्रमांत गाणाऱ्या ॲना केस यांनी पुढे सांगितलं, की आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत होतो. दिवे मालवले होते, डोळे बंद होते, तरी परीक्षा खोटी होती. अंध चाचणीवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रकार लक्षात ठेवावा. पडदा टाकला म्हणजे न्याय झाला असं होत नाही. पडद्यामागे काय ठेवलंय, कुणी ठेवलंय आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय विचारलंय, हेही पाहावं लागतं.

शास्त्रशुद्ध रूप पुढे आलं. त्याच मन्सन यांनी मार्क गार्डनर यांच्याबरोबर १९५० साली श्रवणचाचणीची एक पद्धत मांडली, जिला आज ‘एबीएक्स’ म्हणतात. आधी ‘ए’ ऐकवायचा, मग ‘बी’, मग ‘एक्स’. हा ‘एक्स’ दोघांपैकी कुठला ते ओळखायचं. कुठला चांगला, असा प्रश्नच नाही; दोन्ही वेगळे ऐकू येतात का, एवढंच. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी यासाठी बनवलेल्या खटक्याच्या यंत्रावर निबंध लिहिला. त्या यंत्राचा फायदा असा, की या खेपेला ‘एक्स’ कोण आहे हे चाचणी घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हे महत्त्वाचं, कारण ज्याला उत्तर ठाऊक आहे तो माणूस भुवई उचलून, खुर्चीत सावरून बसून, काहीही न बोलता उत्तर सांगून जातो. दोन्ही बाजूंनी पडदा असेल तरच ती चाचणी जमेस धरायची.

अशा चाचण्यांतून जे हाती आलं ते अनेकांना रुचलं नाही. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकाने सहा ॲम्प्लिफायर पंचवीस श्रोत्यांना पडद्याआडून ऐकवले. सगळ्यांत स्वस्त सव्वादोनशे डॉलरच्या आतला, सगळ्यांत महाग बारा हजार डॉलरचा, काचेच्या नळ्यांवर चालणारा. ध्वनिपातळ्या नीट जुळवल्यावर ओळखण्याचं प्रमाण नाणं उडवून मिळेल तेवढंच राहिलं. २००७ मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी उच्च प्रतीच्या डिजिटल तबकडीचा आवाज आणि तोच आवाज साध्या सीडीच्या दर्जातून गाळून काढलेला, असे दोन आवाज ऐकवले. ५५४ खेपांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे अर्धे. हे आकडे वाचून दोन तट पडले. एक म्हणतो, ऐकू न येणाऱ्या गोष्टींवर लोक लाखो रुपये घालवतात. दुसरा म्हणतो, ही चाचणीच कानाला आंधळं करते.

मला पहिल्या तटाचं म्हणणं अधिक पटतं, पण पुरतं नाही. का पटतं, ते एका प्रयोगातून सांगतो. १९९४ साली शॉन ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल यांनी हार्मन कंपनीतल्या चाळीस कर्मचाऱ्यांना चार लाऊडस्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआडून आणि एकदा उघड्यावर. ऐकणारे याच धंद्यातले, स्पीकर बनवणारे आणि विकणारे. उघड्यावर ऐकताना मोठ्या, देखण्या, महाग स्पीकरांना भरभरून गुण मिळाले आणि लहानशा स्वस्त संचाला ते नाकारले गेले. पडदा पडताच ही दरी कमी झाली. मला यातली दुसरी बाब अधिक बोलकी वाटते. स्पीकर खोलीत कुठे ठेवलाय आणि कुठलं संगीत चाललंय, यामुळे आवाजात खरोखर मोठा फरक पडतो. पडद्याआडून ऐकणाऱ्यांनी तो पकडला, आणि डोळे उघडे असलेल्यांच्या गुणांत तो जवळजवळ उमटलाच नाही. नसलेला फरक डोळे ऐकवतात हे आपण जाणतो. असलेला फरक ते झाकतात, हे या प्रयोगाने दाखवलं. म्हणून अंध चाचणी कानाला बोथट करते, या आरोपाचं ओझं आरोप करणाऱ्यावर आहे.

पण दुसऱ्या तटाच्या हातात एक खरा मुद्दा आहे आणि तो गणिताचा आहे. समजा, सोळा खेपांची चाचणी घेतली. केवळ अंदाजाने बोलणारा माणूस बारा किंवा अधिक उत्तरं बरोबर देईल, याची शक्यता शंभरात चारहून किंचित कमी. म्हणून बाराला उत्तीर्ण धरतात. ठीक. आता असा श्रोता घ्या, ज्याला खरोखर बारीकसा फरक ऐकू येतो, इतका बारीक की तो दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखतो. हा माणूस याच चाचणीत उत्तीर्ण होण्याची शक्यता सहात एक. म्हणजे खरं ऐकणाऱ्या अशा सहा जणांपैकी पाच जण नापास होऊन घरी जातील, आणि आपण जाहीर करू की फरक नाहीच. चुकलंय ते कानाचं नाही, खेपांचं. दहा-बारा खेपांत उघड फरक सापडतो. बारीक फरकासाठी शेकडो खेपा लागतात.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये उच्च प्रतीच्या डिजिटल आवाजावरचे अठरा प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. चारशेहून अधिक श्रोते, साडेबारा हजारांहून अधिक खेपा. बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं ५२.३ टक्के. पन्नासच्या वर, अगदी थोडं, पण एवढ्या खेपांत ते निव्वळ योगायोगाने येणं कठीण. शिवाय ज्यांना आधी नेमकं काय ऐकायचं ते शिकवलं होतं, त्यांचं प्रमाण बरंच जास्त होतं. म्हणजे फरक आहे, बहुतेकांना तो ऐकू येत नाही, आणि शिकवलं तर काहींना येतो.

शिकवण्याचा हा मुद्दा १९९१ च्या सुमारास स्वीडनमध्ये ठळकपणे पुढे आला होता. तिथल्या नभोवाणीने आवाज दाबून लहान करण्याच्या नव्या डिजिटल पद्धती तपासल्या. साठेक तज्ज्ञ श्रोते, वीस हजारांच्या घरात खेपा, आणि निष्कर्ष असा की प्रक्षेपणाला हरकत नाही. मग तेच नमुने बार्ट लोकांथी या अनुभवी ध्वनितंत्रज्ञाने ऐकले आणि त्यांना दीड हजार हर्ट्‌झच्या आसपास एक बारीक शिटी ऐकू आली. एकदा ती दाखवून दिल्यावर इतरांनाही ऐकू येऊ लागली. ही गोष्ट अंध चाचणीचे विरोधक नेहमी सांगतात, आणि ती सांगायलाच हवी. फक्त तिचा अर्थ मी वेगळा लावतो. त्या शिटीचा शोध कुणा श्रद्धावानाने झुळझुळीत विशेषणं वापरून लावला नाही. कशासाठी ऐकायचं ते ठाऊक असलेल्या कानाने लावला, आणि ती शिटी पडद्याआडूनही ऐकू आली असती. चाचणीची तयारी अपुरी होती, पडदा नव्हे.

आपल्या भागात ऐकण्याचा असा शास्त्रीय प्रयोग कधी झाला का, याचा शोध घेतला तर वाट सांगली-मिरजेकडे जाते. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे स्वरांचे बारीक भेद, नेमक्या कुठे हा प्रश्न कानाने आणि मोजमापाने सोडवायचा, असा ध्यास त्यांनी घेतला. प्रयोगासाठी गळा मिळाला तो मिरजेत स्थिरावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा, म्हणजे सुरेलपणात ज्याला तोड नव्हती असा गळा. खाँसाहेब स्वर लावत आणि देवल तारेची लांबी मोजून त्याचं प्रमाण काढत. १९१० मध्ये देवलांचं इंग्रजी पुस्तक आलं. १९१३ मध्ये त्यांचे सहकारी, सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांचं आलं. त्या मोजणीवर बेतलेली श्रुती-हार्मोनियम विलायतेतून बनवून आणली. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा हा सगळा विषय विद्वानांपुढे आला आणि तिथे एकमत झालं नाही. विष्णु नारायण भातखंडे यांना ही श्रुतीव्यवस्था मान्य नव्हती.

देवलांबद्दल मला अपार आदर आहे. परगण्यातल्या एका सरकारी नोकराने निवृत्तीनंतर तारा ताणून गवयाचा स्वर मोजायला बसावं, हे धाडस शंभर वर्षांपूर्वीचं आहे. पण आजच्या नजरेने पाहताना त्या प्रयोगात पडदा कुठे होता, हे विचारावं लागतं. मोजणाऱ्यापुढे शास्त्रातला बावीस हा आकडा आधीपासून होता. गाणारा प्रयोगाचा भागीदार होता. तार कुठे थांबवायची ते ठरवणारा कानही त्याच माणसाचा, ज्याला अपेक्षित उत्तर ठाऊक. १९६३ मध्ये नझीर जयराझभॉय आणि स्टोन यांनी यंत्रावर मोजणी केली तेव्हा दिसलं, की गायक-वादकांचा एकच स्वर एकाच रागात थोडा थोडा हलत राहतो. ठरलेल्या श्रुतीच्या खुंटीला तो बांधलेला नसतो. खाँसाहेबांचा सूर अचूकच होता. तो अचूकपणा एका आकड्यात पकडता येईल, ही अपेक्षा जास्त होती.

पडद्याआडून ऐकण्याचा सरकारी प्रयोगही दोन मराठी माणसांच्याच नावावर आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीने कलावंतांची ध्वनिपरीक्षा सुरू केली. परीक्षक मंडळाची धुरा श्रीकृष्ण रातंजनकर यांच्याकडे. गाणाऱ्याचं नाव, घराणं, वशिला यांकडे न पाहता केवळ आवाज ऐकायचा, हा हेतू उत्तम होता. तरी मुंबईत कलावंतांनी मोठा विरोध केला. आयुष्यभर मैफली गाजवलेल्यांची परीक्षा कसली, आणि रागशास्त्राचे प्रश्न विचारणारे हे कोण, अशी ती नाराजी होती. इथेही आक्षेप विचारलेल्या प्रश्नाबद्दल आणि विचारणाऱ्याबद्दल होता. धारवाडचं केंद्र १९५० चं आणि सांगलीचं १९६३ चं. सीमाभागातल्या घरांत या दोन्ही केंद्रांची गाणी वाजली, कानडी आणि मराठी शेजारी शेजारी. त्या कार्यक्रमांत आपण ज्यांना ऐकलं ते ‘बी हाय’ आणि ‘ए’ श्रेणीचे कलावंत याच चाळणीतून आले होते.

वाद्यांच्या बाबतीत जगात झालेलं काम आता आपल्यालाही जवळचं वाटायला हवं. फ्रान्सच्या क्लोडिया फ्रिट्झ यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिसला एकवीस व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवले आणि सहा व्हायोलिनी हातात दिल्या. तीन नव्या आणि तीन जुन्या, नामांकित कारागिरांच्या: दोन स्ट्रॅडिव्हेरियसच्या आणि एक ग्वार्नेरीची. जुन्यांची किंमत नव्यांच्या शंभरपट. बहुतेकांनी घरी न्यायला नवी निवडली. दोन वर्षांनी पॅरिसजवळ दहा नामांकित एकलवादकांबरोबर, जास्त वेळ देऊन, सभागृहात वाजवू देऊन पुन्हा तपासलं. कल नव्या व्हायोलिनींकडेच राहिला आणि जुनी कुठली, नवी कुठली हे वादकांना ओळखता आलं नाही. ही चाचणी मला आदर्श वाटते. वेळेची घाई नाही, वाजवणाराच परीक्षक, आणि ‘तुला कुठली हवी’ हा खरा प्रश्न. अंध चाचणी म्हणजे अनोळखी खोलीत दहा सेकंदांचे तुकडे, ही टीका इथे लागू होत नाही.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर जवारी लावतात ती कुठल्याही यंत्रावर मोजून नाही. घोडीचा माथा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. बेळगावचे पेटीचे जाणकारही असेच. पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्या शिकवणीमुळे या शहरात संवादिनी ऐकण्याची शिस्त रुजली. पेटीचे सूर लावणारा दोन पत्त्या एकत्र वाजवतो आणि त्यांच्यातलं स्पंदन ऐकतो. ते मंदावत मंदावत थांबलं की स्वर मिळाला. टोक खरवडलं की स्वर चढतो, बूड खरवडलं की उतरतो. हा माणूस कालच्या आठवणीवर विसंबत नाही. आवाजाच्या बारीक छटांची आठवण काही सेकंदांतच विरते, हे मानसशास्त्राने सांगण्याआधी त्याच्या हाताला ठाऊक होतं. म्हणूनच ‘माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरपेक्षा हा गोड आहे’ असं, स्पीकरच्या तारा बदलायला पाच मिनिटं घालवून, कुणी म्हणालं तर माझा त्यावर विश्वास बसत नाही.

आणि तरीही, यंत्राच्या दर्जालाच सर्वस्व मानणाऱ्यांना हा प्रदेश एक गोष्ट सांगू शकतो. बेळगावजवळच्या सुळेभावी गावात १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली लहानपणी ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करू लागला. त्या गुणावरच त्याला कुमार गंधर्व हे नाव मिळालं. गदगच्या भीमसेन जोशींना घर सोडायला लावणारा आवाजही तबकडीवरचा होता, अब्दुल करीम खाँसाहेबांचा. त्या तबकड्या साडेतीन मिनिटांच्या, खरखरणाऱ्या. आजच्या भ्रमणध्वनीचा स्पीकरही काही बाबतींत त्यांच्या पुढे असेल. पण मधल्या पट्टीतला आवाज, जिथे गळा असतो, तिथे ती यंत्रं पुरेशी प्रामाणिक होती, आणि ऐकणाऱ्या पोरांची एकाग्रता अफाट होती. सूर, मींड, लयीची ओढ, श्वास कुठे घेतला, हे सगळं त्यांना त्यातून मिळालं. अर्थात, म्हणून यंत्र कसलंही चालतं असं मी म्हणणार नाही. कुठला फरक संगीतापर्यंत पोहोचतो आणि कुठला फक्त पावतीपर्यंत, हे वेगळं करता यायला हवं. ते वेगळं करायला पडद्यासारखं दुसरं साधन मला माहीत नाही.

तेव्हा माझा कौल असा. ध्वनिपातळी जुळवलेली असेल, दोन्ही बाजूंनी पडदा असेल आणि त्यात कुणी फरक ओळखला, तर तो फरक आहे, त्यावर वाद नको. थोड्या खेपांत कुणी ओळखला नाही, तर एवढंच सिद्ध होतं की फरक मोठा नाही. विकत घेणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. ज्या फरकासाठी शेकडो खेपा आणि शिकवलेला कान लागतो, त्यासाठी पगाराचे तीन महिने देण्याआधी कुणीही विचार करावा. स्पीकर आणि खोली यांच्यातले फरक मात्र पडद्याआडूनही पहिल्या दोन-तीन खेपांत कळतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी, दगडी भिंती आणि उघडी खिडकी. तिथे खुर्ची दोन फूट मागे घेतल्याने किंवा समोर जाड सतरंजी अंथरल्याने जो बदल होतो, तो तारांवर कितीही खर्च करून होत नाही.

हे घरी करता येतं. एकाच स्पीकरला आळीपाळीने दोन ॲम्प्लिफायर जोडायचे. आधी शंभर हर्ट्‌झच्या आसपासचा एक स्थिर सूर लावून स्पीकरच्या टोकांवरचा विद्युतदाब मल्टिमीटरने मोजायचा आणि दोन्हींचा आकडा जुळवायचा. साधा मल्टिमीटर वरच्या सुरांना भरवशाचा नसतो, म्हणून खालचा सूर. एक टक्क्यापर्यंत जुळला की पातळीतला फरक डेसिबलच्या दहाव्या हिश्श्याच्या आत येतो. मग चादर टांगायची. खटका दाबणाऱ्याने नाणं उडवून क्रम ठरवायचा, कागदावर लिहायचा आणि ऐकणाऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्या नजरेसमोरही राहायचं नाही. निदान सोळा खेपा. संगीत परिचयाचं घ्यावं. मी एकट्या तंबोऱ्याची जोड सुचवीन, कारण तंबोऱ्याच्या झंकारात वरच्या स्वरांशांची दाटी असते आणि बिघाड तिथे लपत नाही.

एक अट फार महत्त्वाची आहे. आदल्या रात्री डॉल्बीपुढे नाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी परीक्षक म्हणून बसवू नका. मोठ्या आवाजाने कान काही तास, कधी दिवसभर, बधिर होतो. आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तो बधिरपणा कायमचा होतो. टूल यांना आपल्या प्रयोगांत दिसलं, की ज्यांची श्रवणशक्ती घटलेली आहे त्यांचे निकाल खेपेगणिक बदलत राहतात, मग ते धंद्यात कितीही मुरलेले असोत. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. हा नियम आजारी आणि म्हाताऱ्यांसाठी आहे असं मंडळांना वाटतं. तो गाणं ऐकणाऱ्या प्रत्येक तरुण कानासाठी आहे. ज्या भागाने कुमार गंधर्वांना जन्म दिला, तिथली पोरं विशीतच वरचे स्वर गमावणार असतील, तर चांगल्या स्पीकरचा वाद कुणासाठी घालायचा?

बेळगाव, निपाणी, मिरज, कोल्हापूर इथल्या संगीत मंडळांना माझी एक विनंती आहे. येत्या हंगामात एक सायंकाळ यासाठी राखा. मिरजेच्या नव्या-जुन्या तंबोऱ्यांच्या चार जोड्या मागवा, पडदा टांगा, शहरातले गायक, पेटीवाले आणि कान तयार असलेले श्रोते बोलवा, आणि गायकाला अंधारात विचारा की कुठल्या जोडीवर गायला बसशील. निकाल लिहून ठेवा आणि छापा, कुणाला आवडो वा न आवडो. आणि दिवाळीत नवी सिस्टीम घ्यायला दुकानात जाल तेव्हा दुकानदाराला म्हणा, आवाज सारखे करा, वर चादर टाका, मग ऐकवा. त्याची तयारी नसेल तर दुसरं दुकान पाहा.